फळ्यावरची जात, समोरचा बाक

“सर, तुम्ही समाजशास्त्राकडे कसे वळलात?” एम. ए.च्या प्रकल्पासाठी मुलाखत घ्यायला आलेल्या विद्यार्थिनीने पहिलंच हे विचारलं. माझं सांगायचं तर आधी हा विषय आमच्याकडे किती उशिरा पोचला, ते सांगावं लागतं.

मुंबई विद्यापीठात तो १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याबरोबर आला. १९२४ पासून मालवणच्या गो. स. घुर्यांनी तो विभाग सांभाळला. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या. आमचं जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. औरंगाबादला इंटरपर्यंतचं कॉलेज होतं. पुढे शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, १९५८ ला विद्यापीठ आलं. म्हणून माझ्यासारखा सालगड्याचा, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या शेतमजुराचा, मुलगा शिकू शकला. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, तेव्हा मी एम. ए. करत होतो. असं घडतं कसं, हे मला समजून घ्यायचंच होतं.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि त्याच वर्षी मी इथे शिकवायला लागलो. जातिव्यवस्थेच्या तासाला फळ्यावर ज्या जाती लिहायच्या, त्यांचीच मुलं समोरच्या बाकांवर. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा मान खाली घालायचा. तेव्हा खडू खाली ठेवून मी आधी माझ्या वडिलांबद्दल बोलायचो.

शिकवायला गावं होती, पण ती दुसरीकडची. समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांनी अभ्यासलेलं रामपुरा म्हैसूरकडचं. श्यामाचरण दुबे उस्मानिया विद्यापीठात होते, पण त्यांनी निवडलं हैदराबादजवळचं शमीरपेठ. त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा, तोही नगरकडच्या अनुभवाचा. आमचं गाव कशातच नव्हतं. मग मी मुलांना घरी पाठवलं: सालाचा करार लिहून आणा.

काय काय आलं त्या वह्यांत! पाडवा ते पाडवा साल. उचल किती, ज्वारी किती, धोतरजोडी, चप्पल, घोंगडी. आजारपणाचा खाडा कसा कापायचा. एका मुलीने लिहिलं होतं की साल वडिलांचं, पण मालकाच्या गोठ्यातलं शेण आई काढते आणि तिच्या कामाचा करारात उल्लेखच नाही. मोबदला न मिळणाऱ्या श्रमावर इतकं नेमकं टिपण मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलं नव्हतं. पुढे बियाण्यांच्या प्लॉटवर कपाशीचं क्रॉसिंग करणाऱ्या बायांच्या मजुरीची टिपणंही अशीच जमली.

“आणि आता या विषयाला कोण विचारतं?” तिने स्पष्टच विचारलं. मी तिला २०२३ ची आठवण करून दिली. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतलं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मोल आलं. शेती करणारं कुटुंब कागदावर कोणत्या रकान्यात गेलं, ते कोणी आणि कशासाठी टाकलं, हे तपासणं आमच्याच विषयाचं काम आहे, आणि ते आम्ही फार आधी करायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रकल्पाला विषय सुचवा, म्हणाली. मी सांगितलं, मंठा, घनसावंगीकडे जा. साल धरलेली म्हातारी माणसं अजून आहेत. करार विचार, आणि त्यांच्या बायकांना वेगळं बसवून विचार.