पहिल्या रात्रीचा कागद
भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमाने १८६० सालीच डोळ्याला जागा दिली होती. गंभीर दुखापतीच्या आठ प्रकारांत दुसराच प्रकार कुठल्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाण्याचा. मोडलेल्या दाताचंही नाव तिथे होतं, मेंदूचं नव्हतं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं परिशिष्ट बघा. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला, तर कमाईच्या शक्तीतली घट आज ४० टक्के धरतात. डोळा जागेवर राहून नुसती नजर गेली, तर ३०. मेंदूसाठी तिथेही ओळ नाही. अपघातांच्या दाव्यांतले केसपेपर वाचून मत देणं हे माझं काम, आणि तिथे मेंदूची इजा कागदांमधूनच उभी करावी लागते.

जुन्या कागदांवर नुसतं ‘अर्धवट शुद्धीत’ असे. दिवसपाळीचा डॉक्टर त्याचा एक अर्थ लावी, रात्रपाळीचा दुसरा. १९७४ मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मोजपट्टी मांडली : डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं. आज तिची बेरीज ३ ते १५ अशी होते. रात्री दोनला १४ आणि चारला ९ लिहिलेलं असेल, तर मधल्या दोन तासांत कुणाला बोलावलं, सीटी स्कॅन कधी झाला, हे विचारता येतं. नंतर मागवलेल्या कुठल्याही तज्ज्ञाच्या मतापेक्षा रात्रपाळीच्या सिस्टरने लिहिलेला आकडा मी मोठा मानते. तो लिहिताना तिच्यासमोर फक्त पेशंट होता.

डोळ्याचं कोडं वेगळं. भुवईवर मार बसतो, डोळा वरून शाबूत दिसतो, पण आतली नस गेलेली असते. बेशुद्ध माणसाला स्नेलेनचा १८६२ सालचा अक्षरांचा तक्ता वाचायला कसा सांगणार? टॉर्च मात्र त्याच्याकडून उत्तर काढून घेते. उजेड चांगल्या डोळ्यावरून दुखावलेल्या डोळ्यावर नेला की बाहुली आकसण्याऐवजी रुंदावते. लेव्हाटिन यांनी १९५९ मध्ये ही तपासणी मांडली. पहिल्या रात्रीच्या कागदावर ही नोंद असली, की ‘नजर आधीपासूनच अधू होती’ हा विमा कंपनीचा मुद्दा पुष्कळ लंगडा पडतो. अनेकदा तिथे घाईत लिहिलेलं ‘बाहुल्या नॉर्मल’ सापडतं, आणि मला फार वाईट वाटतं.

हे कागद पेशंटच्या हाती पडणंही सोपं नव्हतं. १९९६ मध्ये राहेजा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की पेशंटने केसपेपरच्या प्रती मागितल्या तर गुप्ततेचं कारण पुढे करता येणार नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनी ७२ तासांत कागद देणं आणि ते ३ वर्षं जपणं बंधनकारक केलं.

तीन वर्षं अपुरी आहेत. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ सालीच २९ व्या आठवड्यात, १२५० ग्रॅम वजनाची एक मुलगी जन्मली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या विकाराने तिची दृष्टी गेली. डिस्चार्जच्या कागदावर त्या धोक्याचा एक शब्द नव्हता, आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमकं त्यावर बोट ठेवलं. १ जुलै २०१५ रोजी सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई मंजूर झाली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. लहान मुलांचे कागद निदान ती सज्ञान होईपर्यंत ठेवलेच पाहिजेत.