गहाण न पडलेली गोधडी



लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे आहे, म्हणून वैशाखापासून बाळाची गोधडी घेऊन बसले आहे. वर-खाली सासूबाईंची मऊ सुती पातळं, मध्ये एक जुनं धोतर. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच हवं, शंभर वेळा धुतलेलं, हे तुम्हाला सांगायला नको. कडेपासून धावदोरा घालत फेऱ्या-फेऱ्यांनी आत यायचं. गाठ वर ठेवायची नाही, दोन थरांच्या मध्ये लपवायची, नाहीतर बाळाला टोचते. टिकल्या-मणी असलेला पदर कितीही सुंदर असला तरी घ्यायचा नाही.

हात चालू असला की डोकं रिकामं राहतं. मला सारखी आठवत होती ती आजेसासूबाईंची एक गोष्ट.

पारनेर तालुक्यातल्या गावी आमचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे सावकारी. आजेसासूबाई अभिमानाने सांगायच्या, "मामंजींनी गहाणात भांडी घेतली, दागिने घेतले, पण कुणाची गोधडी कधी उंबऱ्याच्या आत घेतली नाही." लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकत आले. आपल्या घरात दया होती, एवढाच मी त्याचा अर्थ लावला होता.

पण नगर जिल्ह्याचा इतिहास वाचायला लागले आणि जरा अडखळले. गोष्ट कापसापासूनच सुरू होते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याला मागेल तेवढं कर्ज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, वर सरकारने सारा वाढवलेला. कर्ज तेवढं राहिलं. सावकारांनी हात आखडते घेतले आणि जुन्या खतांवर कोर्टात दावे सुरू केले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावच्या बाजारात लोक उठले. तिथून दंगे आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत तालुक्यांत पसरले. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराकडून कर्जाची खतं मागायची आणि जाळायची. ते सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजर. मारवाड्यांमध्ये आपले ओसवाल जैनही होते. हे आपण आपसात फारसं बोलत नाही. व्याख्यानात अपरिग्रह ऐकतो, आणि पणजोबांच्या वह्या माळ्यावर बांधून ठेवतो. सगळा दोष सावकारांचा होता असं मी म्हणणार नाही. साऱ्याची सक्ती सरकारची होती, आणि अडीअडचणीला गावात पैसा देणारं दुसरं होतं तरी कोण? पण खतावर अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं आणि आपल्याला येत होतं, हेही खरंच.

सरकारने चौकशी कमिशन नेमलं. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. मला सगळ्यात नवल वाटलं ते मात्र नंतरच्या, १९०८ च्या दिवाणी कायद्याचं. त्याच्या साठाव्या कलमात कोर्टाला काय जप्त करता येणार नाही याची यादी आहे. कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. म्हणजे गोधडी आलीच! धर्माच्या रीतीने बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही त्यात आहेत. हा कायदा आजही चालू आहे.

मग मामंजींची ती दया होती की कायदा? वकिलीण असलेल्या माझ्या नणंदेला विचारलं. ती म्हणाली, "वहिनी, हे कलम कोर्टाच्या जप्तीपुरतं. आपणहून गहाण ठेवायला कुणाची बंदी नव्हती." म्हणजे घेतली नाही हे मनानेच. बरं वाटलं. पण तीच पुढे हसून म्हणाली, "आणि दुसऱ्याची वापरलेली गोधडी विकत कोण घेणार होतं गं?"

याच्यापुढचा भाग आजेसासूबाई हलक्या आवाजात सांगायच्या, आणि मी तो कधी नीट ऐकून घेतला नव्हता. उन्हाळ्यात शेतात काम नसे तेव्हा वाडीवरच्या बाया ओसरीवर येऊन आमच्या घरच्या गोधड्या शिवायच्या. एकीला शिलाईचे जोंधळे मिळायचे, तर दुसरीच्या घरचं देणं असेल तर शिलाई व्याजात वळती व्हायची. ज्यांची गोधडी घेतली नाही, त्यांच्याच हातून आमच्या शिवून घेतल्या. एकीचंही नाव मला घरात कुणी सांगू शकलं नाही. वह्यांमध्ये असेल तर पुरुषांचंच असणार, कारण खातं त्यांचं.

त्यातली एक गोधडी अजून आमच्या कपाटात आहे. माझे यजमान तिच्यावरच लहानाचे मोठे झाले. टाका तांदळाएवढा, ओळ कुठे वाकडी नाही. लेक म्हणाली, "आई, ती उसवून त्यातलं कापड बाळाच्या गोधडीत घाल ना, आठवण राहील." मी नाही म्हटलं. उसवली तर त्या बाईच्या हाताचं जे एवढंच उरलंय, तेही जाईल. ती मी समोर पसरून ठेवली आहे आणि तिच्याकडे बघून टाके घालते आहे. माझे अजून तिच्याएवढे बारीक येत नाहीत. मधला हातभर चौकोन राहिला आहे.