आपल्या कार्यक्रमांना सार्वजनिक मदत : कोणत्या कामासाठी कोणते दार

गणेशोत्सव, कोजागरी, हळदी-कुंकू हे कार्यक्रम आपण सुरतेत वर्गणीतून करतो, आणि ते तसेच व्हावेत. परंतु लेखकाचे व्याख्यान, लोककलेचा प्रयोग, चर्चासत्र, प्रदर्शन अशा कामांसाठी सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांची मदत मिळू शकते, हे अनेक सभासदांना ठाऊक नसते. ती माहिती एके ठिकाणी असावी म्हणून आम्ही ही नोंद देत आहोत.

पूर्वपीठिका

सर्वांसाठी खुली वैचारिक चर्चा सुरतेला नवी नाही. २२ जून १८४४ रोजी येथे मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम मेहताजी यांच्याबरोबर तिच्या संस्थापकांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे ते हेच दादोबा. जातिभेद आणि अंधश्रद्धा यांवर सुरतेत गुजराती आणि मराठी माणसे एकत्र बसून बोलत होती.

शेजारचे नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१२ साली ग्रंथनिर्मितीसाठी दोन लाख रुपये वेगळे काढले. त्यातून गुजराती व मराठी अशा दोन्ही भाषांत पुस्तके निघाली.

१ मे १९६० नंतर दोन राज्ये झाली आणि राजाश्रयही वाटला गेला. गुजरात सरकारच्या साहित्य अकादमीचे काम गुजराती, हिंदी, संस्कृत, सिंधी, कच्छी व उर्दू या भाषांत चालते. त्यांत मराठी नाही. महाराष्ट्रात मात्र राज्य शासनाची गुजराती साहित्य अकादमी आहे. तेव्हा राज्याच्या भाषाविषयक योजनांत आपल्याला जागा शोधणे कठीण. पण जेथे राज्याची सीमा आड येत नाही अशी दारे उघडी आहेत.

१. साहित्यासाठी : साहित्य अकादमी, मुंबई

केंद्राची साहित्य अकादमी १९५४ पासून कार्यरत असून २४ भाषांत काम करते. तिच्या मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे मराठी, गुजराती, कोकणी व सिंधी या भाषा आहेत. मराठी आणि गुजराती एकाच कार्यालयात असणे ही सुरतेसाठी मोठी सोय आहे. लेखक-भेट, काव्यवाचन, परिसंवाद असे कार्यक्रम अकादमी स्थानिक संस्थांच्या सहकार्यानेही घेते. मराठी-गुजराती अनुवादावरचा परिसंवाद हा सुरतेतून पाठवण्याजोगा अगदी स्वाभाविक प्रस्ताव ठरेल. या २४ भाषांबाहेरच्या भाषांतील कामासाठी अकादमीचा 'भाषा सन्मान' आहे. अहिराणीत लिहिणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

२. लोककलेसाठी : पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, उदयपूर

देशात अशी सात क्षेत्रीय केंद्रे आहेत. पश्चिम केंद्र १९८६ साली सुरू झाले. त्याचे कार्यालय उदयपूरच्या बागोर की हवेलीत आहे. राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि दमण-दीव व दादरा-नगर हवेली हे त्याचे सदस्य असून राजस्थानचे राज्यपाल पदसिद्ध अध्यक्ष असतात. महाराष्ट्र याशिवाय नागपूरच्या दक्षिण मध्य केंद्रातही आहे.

या केंद्राचा विचार भाषेपेक्षा कलाप्रकाराच्या अंगाने चालतो. पोवाडा, लावणी, भारूड या महाराष्ट्राच्या कला त्याच्याच क्षेत्रात येतात. आपल्या शेजारच्या डांगमध्ये आणि पलीकडच्या नाशिक-पालघर भागात तारपा वाजतो, मुखवट्यांची सोंगे नाचतात. तेथे कलेला राज्याची सीमा नाहीच. उदयपूरजवळच्या शिल्पग्रामात दरवर्षी २१ ते ३० डिसेंबरला भरणारा उत्सव प्रत्यक्ष पाहिल्यास केंद्राच्या कामाचा अंदाज येतो.

३. निधीसाठी : केंद्रीय संस्कृती मंत्रालय

चर्चासत्रे, उत्सव, प्रदर्शने यांसाठी मंत्रालयाची अनुदान योजना आहे. साधारणपणे मंजूर खर्चाच्या ७५ टक्के, कमाल ५ लाख रुपये, आणि तेही दोन हप्त्यांत मिळतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम अवश्य वाचावेत.

येथे हिशेब समजून घ्यावा. मंजूर खर्च ४ लाख धरला तर अनुदान ३ लाख आणि आपला वाटा १ लाख. अनुदानाचा पहिला हप्ता ७५ टक्के, म्हणजे २ लाख २५ हजार. उरलेले ७५ हजार कार्यक्रम होऊन हिशेब सादर केल्यावर. याचा अर्थ मंडळाजवळ १ लाख नव्हे, तर १ लाख ७५ हजार रुपये हाताशी हवेत. ही तजवीज आधीच केली नाही, तर मंडपवाल्याचे बिल थकते आणि पदाधिकाऱ्यांना पदरचे पैसे घालावे लागतात.

४. जागेसाठी : सुरत महानगरपालिका

पालिकेची नाट्यगृहे, उदाहरणार्थ पालचे संजीवकुमार सभागृह, भाड्याने मिळतात. पालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. मोठ्या सभागृहात जितकी मराठी मुले येतील, त्याहून अधिक मुलांपर्यंत शाळेतला एक साधा कार्यक्रम पोहोचू शकतो.

फाइल तयार ठेवावी

मंडळाची नोंदणी (१८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त कायदा), घटनेची प्रत, पॅन, केंद्र सरकारच्या दर्पण पोर्टलवरील नोंद, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद व वार्षिक अहवाल, संस्थेच्या नावाचे बँक खाते आणि कार्यकारिणीचा ठराव एवढे हाताशी असावे. अनुदानाची रक्कम ठरलेल्या कामाखेरीज दुसरीकडे वळवू नये. बिले तारखेनिशी लावावीत. कार्यक्रमानंतर सनदी लेखापालाच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्यावे. ते राहिले की पुढचा अर्ज अडतो.

सार्वजनिक म्हणजे काय

हा पैसा सर्वांच्या करातून येतो, म्हणून कार्यक्रमही सर्वांसाठी खुला हवा. केवळ सभासदांसाठीचे स्नेहसंमेलन यात बसत नाही, आणि ते रास्तच आहे. लिंबायत, उधना, डिंडोली भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यांच्या घरांत अहिराणी बोलली जाते, लग्नात अहिराणी गाणी म्हटली जातात. आपल्या व्यासपीठावर मात्र ती क्वचितच ऐकू येतात. पुण्या-मुंबईचे नाटक पैसे मोजून केव्हाही आणता येईल. आजीच्या तोंडची गाणी तिच्या नातवाने ऐकली नाहीत, तर ती पुढे कोणत्याही अनुदानातून परत मिळणार नाहीत. आमच्या मते पहिला प्रस्ताव याच गाण्यांचा असावा : पालिकेच्या मराठी शाळेत, सर्वांना खुला, गुजराती शेजाऱ्यांनाही आमंत्रण देऊन.