मोटारीचे एलपीजी रूपांतरण

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत अतिरिक्त संच बसवून ती द्रवरूप पेट्रोलियम वायूवर, म्हणजेच एलपीजीवर, चालण्याजोगी करण्याच्या प्रक्रियेस एलपीजी रूपांतरण असे म्हणतात. वाहनांत वापरल्या जाणाऱ्या या इंधनास ऑटो एलपीजी किंवा ऑटोगॅस असेही संबोधले जाते. रूपांतरणानंतर मूळ पेट्रोल यंत्रणा कायम राहते. त्यामुळे गाडी दोन्ही इंधनांवर चालते आणि चालकाला कळ दाबून इंधन बदलता येते. रोज लांबचा प्रवास करणारे जुन्या मोटारींचे मालक प्रामुख्याने इंधनखर्च कमी करण्यासाठी हा मार्ग स्वीकारतात. प्रत्यक्षात होणारी बचत दोन इंधनांच्या दरांतील फरक, रोजचे अंतर आणि गाडीचे उरलेले आयुष्य यांवर अवलंबून असते. सुरक्षितता मात्र प्रमाणित टाकी व योग्य जोडणी यांवर अवलंबून असते.

इंधनाचे गुणधर्म

एलपीजी हे मुख्यत्वे प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण आहे. प्रोपेनचा उत्कलनबिंदू सुमारे −४२ अंश सेल्सिअस, तर ब्युटेनचा शून्य अंशाच्या जवळ असतो. मध्यम दाबाखाली हे मिश्रण द्रवरूप होते. सीएनजी सुमारे २०० बार दाबाखाली साठवावा लागतो, तर एलपीजीच्या टाकीतील दाब साधारणतः १० बारच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्यामुळे एलपीजीची टाकी तुलनेने हलकी असते.

एलपीजीचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त, म्हणजे १०० हून अधिक असतो. मात्र एक लिटर एलपीजीतील ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या सुमारे तीन चतुर्थांश असते. परिणामी तेवढ्याच अंतरासाठी २० ते ३० टक्के अधिक लिटर इंधन लागते. हा वायू स्वतः जवळजवळ गंधहीन असल्याने गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळले जाते.

संचाचे भाग व कार्य

रूपांतरण संचात टाकी, बहुउद्देशीय झडप, गॅसची नळी, गाळणी, विद्युतचलित झडप, रेड्यूसर आणि इंधन निवडण्याची कळ हे प्रमुख भाग असतात. टाकी नळकांड्याच्या आकाराची असल्यास ती डिकीत बसवतात. कड्याच्या आकाराची टाकी स्टेपनीच्या जागी बसते. टाकीतील द्रव नळीवाटे रेड्यूसरमध्ये येतो. तेथे त्याचा दाब कमी होतो व त्याची वाफ होते. बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता इंजिनाच्या कूलंटमधून मिळते. याच कारणाने गाडी सामान्यतः पेट्रोलवर सुरू करून इंजिन पुरेसे तापल्यावर गॅसवर नेली जाते.

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत वायू मिक्सरद्वारे हवेत मिसळला जातो. अशा गाड्यांतील कळीला पेट्रोल, गॅस आणि मधली बंद स्थिती अशा तीन स्थिती असतात. पेट्रोलवरून गॅसवर जाताना मधल्या स्थितीत कार्ब्युरेटरमधील उरलेले पेट्रोल संपू दिले जाते. अन्यथा काही काळ दोन्ही इंधने एकदम इंजिनात जातात. पेट्रोल इंजेक्शन असलेल्या गाड्यांसाठी क्रमवार इंजेक्शनचा संच वापरता येतो. त्यात संगणकीय नियंत्रक प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरद्वारे मोजून वायू पुरवतो. मिक्सर पद्धतीत वायू हवेची काही जागा व्यापत असल्याने शक्ती किंचित घटते आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर होण्याची शक्यता असते. क्रमवार इंजेक्शनमध्ये हे दोष बरेच कमी होतात.

जुन्या इंजिनाची पूर्वतपासणी

रूपांतरणामुळे इंजिनातील मूळ दोष दूर होत नाहीत. उलट ते अधिक ठळक होतात. एलपीजी व हवेचे मिश्रण पेटवण्यासाठी अधिक विद्युतदाब लागतो. त्यामुळे झिजलेले प्लग, तडकलेल्या प्लगच्या तारा आणि कमकुवत इग्निशन कॉइल आधी बदलणे आवश्यक ठरते. कॉम्प्रेशन कमी असलेले, ऑइल जाळणारे किंवा वारंवार तापणारे इंजिन रूपांतरणास योग्य मानले जात नाही.

शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात बनलेल्या काही इंजिनांत व्हॉल्व्ह सीट मऊ धातूच्या असतात. पेट्रोलमधील शिशाचा थर त्यांचे संरक्षण करीत असे. एलपीजीमध्ये असे संरक्षण नसल्याने या सीट झिजतात, टॅपेटमधील अंतर कमी होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. त्यापूर्वीच्या गाड्यांत सीट कडक धातूच्या आहेत किंवा नाहीत, हे पाहणे महत्त्वाचे असते. दुसरीकडे, एलपीजीच्या ज्वलनातून काजळी कमी निर्माण होत असल्याने इंजिन ऑइल अधिक काळ स्वच्छ राहते.

खर्च आणि बचत

रूपांतरणाचा खर्च भरून येण्यासाठी लागणारे अंतर संचाच्या एकूण खर्चाला प्रतिकिलोमीटर बचतीने भागून काढता येते. उदाहरणादाखल पेट्रोल १०० रुपये व एलपीजी ६० रुपये लिटर, गाडीची धाव पेट्रोलवर १५ व एलपीजीवर १२ किलोमीटर प्रतिलिटर आणि संचाचा खर्च ३५,००० रुपये असे गृहीत धरल्यास, इंधनखर्च अनुक्रमे ६ रुपये ६७ पैसे व ५ रुपये प्रतिकिलोमीटर येतो. बचत १ रुपया ६७ पैसे होते आणि खर्च सुमारे २१,००० किलोमीटरनंतर वसूल होतो.

दररोज येऊन-जाऊन ६० किलोमीटर व महिन्याला २५ दिवस प्रवास करणाऱ्यास यासाठी १४ महिने लागतात. दररोज १० किलोमीटर जाणाऱ्यास हाच काळ सात वर्षे होतो. शिवाय कमी अंतराच्या प्रवासात इंजिन तापेपर्यंतचा मोठा भाग पेट्रोलवरच पार पडतो, त्यामुळे प्रत्यक्ष बचत हिशेबापेक्षाही कमी भरते. एलपीजीचा दर पेट्रोलच्या सुमारे ७५ ते ८० टक्क्यांवर गेल्यास इंधनातील बचत जवळजवळ संपते.

टाकीचे नियतकालिक परीक्षण, गाळणी बदलणे, विम्याचा वाढीव हप्ता आणि डिकीतील गमावलेली जागा हेही या हिशेबात धरावे लागतात. भारतात खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले. म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत ती खर्च वसूल होईपर्यंत रस्त्यावर राहील का, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

सुरक्षितता

एलपीजीची टाकी पूर्ण भरली जात नाही. तापमान वाढल्यावर द्रव प्रसरण पावतो, म्हणून सुमारे २० टक्के जागा वाफेसाठी मोकळी ठेवतात. बहुउद्देशीय झडप टाकी ८० टक्के भरताच पुरवठा आपोआप थांबवते. नळी तुटल्यास प्रवाह रोखणारी आणि दाब मर्यादेबाहेर गेल्यास तो बाहेर सोडणारी यंत्रणाही टाकीला जोडलेली असते. ४५ लिटर क्षमतेच्या टाकीत त्यामुळे सुमारे ३६ लिटर इंधन मावते.

दाबमुक्ती झडपेचे महत्त्व फ्रान्समधील एका घटनेने अधोरेखित झाले. ल्यों शहरालगतच्या व्हेनिसिऊ येथे जानेवारी १९९९ मध्ये पेटवून दिलेल्या एका मोटारीची एलपीजी टाकी फुटून अग्निशमन दलाचे जवान जखमी झाले. त्या टाकीला अशी झडप नव्हती. त्यानंतर फ्रान्समध्ये ती बंधनकारक करण्यात आली.

एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असते. गळती झाल्यास ती वर न जाता खड्डे, तळघर व बंदिस्त वाहनतळ अशा सखल जागी साचते. डिकीत टाकी असल्यास तिच्या झडपेवर वायुरोधक आवरण बसवून गळतीचा वायू नळीवाटे गाडीबाहेर सोडण्याची सोय केलेली असते. सांध्यांची तपासणी साबणाच्या पाण्याने करतात.

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर वाहनात वापरणे किंवा त्यातून गाडीच्या टाकीत गॅस भरणे भारतात बेकायदेशीर असून अत्यंत धोकादायक आहे. घरगुती सिलिंडरला गाडीच्या टाकीसारखी बहुउद्देशीय झडप नसते. अनधिकृत ठिकाणी गॅस भरताना गळालेली वाफ ठिणगी मिळताच पेट घेते व आसपासच्या वस्तीलाही धोका निर्माण होतो.

भारतातील कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती होऊन विहित अटींवर रूपांतरण संच बसवण्यास मुभा मिळाली. २००१ साली वाहनांतील एलपीजीच्या वापराचे नियमन करणारा केंद्र शासनाचा आदेश निघाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ग एलपीजी वाहनांशी संबंधित आहे. संचाला अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता आवश्यक असते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक आहे. टाक्यांविषयीचे नियमन पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे असून तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. टाकीचे परीक्षण दर पाच वर्षांनी करावे लागते.

संच बसवल्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी दाखवून नोंदणी प्रमाणपत्रावर इंधनबदलाची नोंद करून घ्यावी लागते. विमा कंपनीलाही हा बदल कळवणे आवश्यक असते. नोंद नसलेल्या संचामुळे अपघातानंतरचा विमादावा अडचणीत येऊ शकतो.

प्रसार

१९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक देशांत एलपीजी वाहनांचा प्रसार वाढला. इटली, पोलंड, तुर्कस्तान आणि दक्षिण कोरिया येथे ही वाहने मोठ्या प्रमाणावर आढळतात. ऑस्ट्रेलियात २००६ ते २०१४ या काळात खासगी मोटारींच्या रूपांतरणासाठी केंद्र शासनाचे अनुदान उपलब्ध होते. २०११ च्या अखेरीस तेथे या इंधनावर उत्पादन शुल्क लागू झाले व पुढे त्याचा वापर घटत गेला.

भारतात बंगळूर व कोलकाता येथील ऑटोरिक्षांमध्ये एलपीजीचा वापर विशेष दिसतो. मारुती सुझुकीने २००६ साली वॅगन आर ड्युओ ही कारखान्यातच एलपीजी संच बसवलेली मोटार बाजारात आणली. मुंबईसारख्या शहरांत सीएनजीचे जाळे विस्तारल्याने खासगी मोटारींसाठी एलपीजीचे आकर्षण कमी झाले. सीएनजी न पोहोचलेल्या भागांत तो पर्याय ठरू शकतो. मात्र नेहमीच्या मार्गावर ऑटो एलपीजीचा पंप नसल्यास रूपांतरित गाडीही पेट्रोलवरच चालवावी लागते.