भोक कोणी बुजवायचं? सुरतेच्या आगी आणि इमारतींची रचना

सुरत आणि आग म्हटलं की मराठी माणसाला पहिली आठवते ती जानेवारी १६६४ ची स्वारी. त्या वेळी शहराचा मोठा भाग जळाला. श्रीमंतांची घरं विटा-चुन्याची होती, पण गोरगरिबांची वस्ती बांबू, कुड आणि झावळ्यांची. पुढे औरंगजेबाच्या काळात मातीच्या तटाच्या जागी विटांचा तट आला. बाहेरच्या शत्रूचा बंदोबस्त झाला, आतली वस्ती मात्र तशीच राहिली.

सुरतेला सगळ्यात मोठा तडाखा बसला तो २४ एप्रिल १८३७ ला, कुठल्याही स्वारीशिवाय. १८७७ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये याची हकीकत आहे. माछलीपीठ भागातल्या अरुंद गल्लीत एका घरी उकळतं डांबर सांडलं आणि लाकूडकामाने पेट घेतला. वारा होताच. २६ तारखेपर्यंत शहर जळत होतं. ९,३७३ घरं गेली, पाचशेहून जास्त माणसं मेली. त्याच वर्षी पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला. व्यापार आधीच मुंबईकडे सरकू लागला होता. या दोन आपत्तींनंतर आणखी घराणी मुंबईला निघून गेली.

आता हे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू. डांबर सांडणं हा अपघात. पण एका घराची आग नऊ हजार घरांपर्यंत कशी पोचली? लाकडी सांगाड्याची, एकमेकांना चिकटलेली घरं आणि गल्लीवर पुढे आलेले लाकडी सज्जे. आगीला मध्ये थांबवणारं काही नव्हतंच.

लंडनने हा धडा १६६६ च्या आगीनंतर घेतला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात असं ठरवलं आणि दोन घरांमधल्या सामाईक भिंतीची जाडीही नेमून दिली. आज ज्याला ‘पॅसिव्ह फायर प्रोटेक्शन’ म्हणतात त्याचं मूळ हेच. बंब, पाइप, फवारे हे आग लागल्यावर कामाला लागतात. भिंत, स्लॅब, आग अडवणारा दरवाजा, बंदिस्त जिना हे मात्र काही न करता, नुसते जागेवर उभे राहून आग अडवतात. म्हणून कुणाचं त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत हे सगळं लिहिलेलं आहे. केबल आणि पाइप ज्या शाफ्टमधून जातात तो १२० मिनिटं आग सोसणारा हवा, त्याचा तपासणीचा दरवाजाही तसाच हवा, आणि प्रत्येक मजल्यावर शाफ्टमधली जागा आग अडवणाऱ्या मालाने बुजवलेली हवी. म्हणजे नियम नाही असं कुणी म्हणू नये.

मग अडतं कुठे? साइटवर काम केलेल्या कुणालाही विचारा. सिव्हिलवाला भिंत बांधून, बिल घेऊन जातो. मग इलेक्ट्रिकवाला येतो आणि केबल ट्रेसाठी भोक पाडतो. प्लंबर दुसरं पाडतो, एसीवाला तिसरं, आणि ताबा मिळाल्यावर इंटरनेटवाला चौथं. भोक पाडणं प्रत्येकाच्या कामात असतं, बुजवणं कुणाच्याच नसतं. वर फॉल्स सीलिंग लागलं की संपलं, दिसतच नाही. नकाशावर ती भिंत दोन तासांची असते. प्रत्यक्षात त्या भोकातून धूर काही मिनिटांत पलीकडे.

२४ मे २०१९ ला सरथाणा जकातनाक्याजवळच्या तक्षशिला आर्केडमध्ये २२ जण गेले. बहुतेक क्लासला आलेली मुलं. वरचा मजला गच्चीवर बेकायदा चढवलेला होता, आणि तिथे जाणारा जिना लाकडी. वाट धूर-आगीने भरली तेव्हा मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. बंदिस्त, न जळणारा जिना ही चैनीची गोष्ट नाही, हे त्या दिवशी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आठच महिन्यांनी, जानेवारी २०२० मध्ये, रघुवीर टेक्स्टाइल मार्केटची दहा मजली इमारत पेटली. तिथे आग दर्शनी आवरणावरून वर चढली. १८३७ च्या लाकडी सज्जांचं काम या वेळी आधुनिक सजावटीने केलं. आग विझवायला पन्नासच्या वर बंब लागले.

जबाबदारी वाटली गेली की ती कुणाचीच राहत नाही. म्हणून इलाजही साधाच असायला हवा. इमारतीत एकच माणूस नेमावा, ज्याच्याकडे भोकांची नोंदवही असेल: कुठल्या मजल्यावर, कुणी, कशासाठी पाडलं, कशाने बुजवलं, आणि झाकण्याआधीचा फोटो. सही झाल्याशिवाय फॉल्स सीलिंग लावायचं नाही आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल काढायचं नाही. ताबा दिल्यावर ही वही सोसायटीकडे किंवा मार्केटच्या असोसिएशनकडे जावी, कारण खरी तोडफोड त्यानंतरच सुरू होते.

गॅझेटियरने १८३७ ची जळालेली घरं एक-एक मोजली. भोकं मोजायला त्याहून कमी मेहनत लागते, आणि ती आग लागण्याआधी मोजता येतात. आपल्या इमारतीपासून सुरुवात करा. टॉर्च घ्या, वॉचमनकडून शाफ्टची किल्ली मागा आणि आत वर बघा. वरच्या मजल्याचा उजेड दिसला, तर पुढच्या मीटिंगमध्ये पहिला विषय तोच घ्या.