१४. ‘कुशिंग’

१४ कुशिंग : मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा विकार, घोड्यांना बहुधा पंधरा वर्षांनंतर जडतो. अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग (१८६९–१९३९) यांनी वर्णिलेल्या माणसांच्या आजाराचे नाव घोड्यांच्या दुखण्यालाही चिकटले. ग्रंथीतला बिघडणारा भाग मात्र वेगळा. डोपामिनचा अंकुश सुटल्याने ‘एसीटीएच’ हे संप्रेरक बेसुमार स्रवते. उन्हाळ्यातही न झडणारी लांब, कुरळी लव ही ठळक खूण. घोडे लंगडते ते खुरांच्या आतल्या दाहाने. तोही याच विकारात उद्भवतो, आणि खरा घातक तोच. आजार बरा होत नाही. पर्गोलाइडची गोळी रोज, जन्मभर. शरदात ‘एसीटीएच’ निरोगी घोड्यांतही वाढते, म्हणून रक्ततपासणीचा आकडा महिना पाहून वाचतात.