चहाचे झाड कोणाला ‘सापडले’?

जोरहाट किंवा दिब्रुगढच्या आसपासचे चहाचे मळे पाहायला शनिवार-रविवारी बरीच मंडळी जातात. कंबरेइतकी उंच, वरून सपाट छाटलेली झुडपे दूरवर पसरलेली असतात. मजूर स्त्रिया ‘दोन पाने आणि एक कळी’ खुडून पाठीवरच्या टोपलीत टाकत असतात. चहा हे मुळातच झुडूप आहे, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. वास्तविक आसामी चहा हा वृक्ष आहे. छाटणी केली नाही, तर तो दहा-पंधरा मीटर उंच वाढतो. आसामच्या जंगलात तो पूर्वीपासून होता. मात्र हा चहाच आहे, हे तज्ज्ञांनी मान्य करण्यात सुमारे अकरा वर्षे गेली. ती का गेली, हे समजून घेण्याजोगे आहे.

आसामच्या पूर्व टोकाला आणि लगतच्या अरुणाचल प्रदेशात सिंगफो लोक राहतात. या झाडाची कोवळी पाने भाजून, वाळवून ती बांबूच्या नळीत ठासून भरायची आणि नळी चुलीवरच्या धुरात ठेवायची, ही त्यांची पद्धत. या चहाला ते ‘फालाप’ म्हणतात. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस हा स्कॉटिश व्यापारी बिसा गाम या सिंगफो प्रमुखाला भेटला आणि त्याने या झाडांची रोपे मिळवण्याचे ठरवले. ब्रूसला ही माहिती आसाममधील मणिराम दिवाण यांच्याकडून मिळाली, असे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी रॉबर्ट वारला, पण त्याचा भाऊ चार्ल्स याच्या हाती रोपे आणि बिया आल्या.

त्यांतील काही नमुने कंपनीचे अधिकारी डेव्हिड स्कॉट यांच्यामार्फत कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नथॅनिएल वॉलिक यांच्याकडे गेले. वॉलिक यांचे मत पडले, की हा चहा नव्हे, कॅमेलिया आहे.

वॉलिक हे काही सामान्य अभ्यासक नव्हते. अडचण वर्गीकरणाचीच होती. लिनियसने १७५३ मध्ये चहाला ‘थिआ’ आणि कॅमेलियाला ‘कॅमेलिया’ अशा दोन वेगळ्या प्रजातींत घातले होते. दोन्हींची पाने जाड, तकतकीत आणि दातेरी कडांची. मग त्यांतील फरक ओळखायचा, तर फळे नीट तपासायला हवीत. शिवाय वॉलिक यांच्या परिचयाचा चहा होता चिनी, लहान पानांचा आणि झुडपासारखा. आसामचे मोठ्या पानांचे झाड त्या चित्रात बसत नव्हते. गंमत अशी, की पुढे या दोन प्रजाती एकच मानल्या गेल्या. आज चहाचे शास्त्रीय नाव ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ आहे! वॉलिक यांचा ‘कॅमेलिया’ हा शब्द आजच्या नियमाने बरोबर, पण ‘चहा नव्हे’ हा निष्कर्ष चूक.

पुढे प्रश्नाला गती मिळाली ती व्यापारामुळे. १८३३ च्या कायद्याने चीनच्या व्यापारातील ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी संपली. चहा भारतातच पिकवण्याची निकड भासू लागली. १८३४ च्या आरंभी गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी चहा समिती नेमली. त्याच वर्षी लेफ्टनंट चार्लटन आणि कॅप्टन जेंकिन्स यांनी आसामहून फळांसह नमुने पाठवले. आता वॉलिक यांची खात्री पटली. चहा वरच्या आसामात निसर्गतःच उगवतो, यात शंका नाही, असे समितीने २४ डिसेंबर १८३४ रोजी सरकारला कळवले.

तरीसुद्धा रानटी झाडापेक्षा चीनमध्ये शतकानुशतके लागवडीत असलेला वाण श्रेष्ठ, हा समज गेला नाही. चीनहून मागवलेल्या बियांपासून कलकत्त्यात सुमारे ४२,००० रोपे तयार झाली. ती आसाम, कुमाऊँ आणि दक्षिण भारतात पाठवली गेली. आसामच्या उष्ण, दमट हवेत ती जोमाने वाढली नाहीत. चहात परपरागण होत असल्याने स्थानिक झाडांशी त्यांचा संकरही झाला. उलट १८३८ मध्ये लंडनला गेलेला आसामचा पहिला चहा स्थानिक झाडांच्या पानांचा होता. चिनी कारागिरांच्या मदतीने तो चार्ल्स ब्रूसने तयार करवून घेतला होता. १० जानेवारी १८३९ रोजी त्याच्या आठ पेट्यांचा लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. चिनी वाण पुढे रुजला तो दार्जिलिंगच्या थंड डोंगरउतारांवर.

ज्यांच्या माहितीवर हे सारे उभे राहिले, त्यांच्या वाट्याला काय आले? सिंगफोंच्या प्रदेशात मळे पसरू लागले, त्यांची नाराजी वाढली आणि १८४३ मध्ये त्यांनी कंपनीविरुद्ध उठाव केला. मणिराम यांनी आसाम कंपनीची नोकरी सोडून स्वतःचे मळे उभारले. १८५७ च्या उठावात सामील झाल्याच्या आरोपावरून २६ फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना जोरहाटला फाशी देण्यात आले. मळ्यांसाठी छोटा नागपूर व इतर भागांतून आदिवासी मजूर करारावर आणले गेले. करार मोडून पळणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याची मुभा १८६५ च्या कायद्याने मळेवाल्यांना दिली. आज मळ्यांत काम करणाऱ्यांपैकी पुष्कळजण त्या मजुरांचे वंशज आहेत.

चहाचा शोध १८२३ मध्ये लागला, हे वाक्य अनेक पुस्तकांत असते. ते फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारता येतील. झाड माहीत असणे, त्याचा उपयोग माहीत असणे आणि शास्त्रीय कसोट्या लावून त्याची ओळख पटवणे, यांत फरक काय? यांपैकी कोणते काम कोणी केले? आणि ‘शोध’ हा शब्द आपण त्यांतील कोणत्या कामासाठी वापरतो? फळे तपासण्याचा वॉलिक यांचा आग्रह शास्त्राला धरूनच होता. पण जे लोक ती पाने रोज उकळून पीत होते, त्यांचा अनुभव हाही एक पुरावाच होता. तो कोणी नोंदवून तपासला असता, तर हा प्रश्न कदाचित आधीच सुटला असता.